मोठे विद्यापीठ की लहान कॉलेज?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्टरनंतरच्या रविवारी, पालक व विद्यार्थी यांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी धर्मगुरूने जुन्या दिवसांचे स्मरण करावे, देवळाचा पाया कोणी घातला, पहिली घंटा कोठून आली हे सांगावे, असा संकेत आहे. ते काम आमच्याहून अधिक माहितगार मंडळी या वर्षात करीतच आहेत. आम्हांस आज निराळ्याच विषयावर बोलावयाचे आहे, आणि तो विषय आम्ही होऊन निवडलेला नाही. तो आमच्या दारी चालत आला.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळाच्या अखेरीस एका सायंकाळी आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ, त्यांची पत्नी व बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला त्यांचा मुलगा असे तिघे आमच्याकडे आले. मुलाने अमेरिकेतील शिक्षणसंस्थांकडे अर्ज केले होते व दोन ठिकाणांहून होकाराची पत्रे आली होती. एक पत्र ५० हजारांवर विद्यार्थी असलेल्या एका सरकारी विद्यापीठाचे, दुसरे जेमतेम २ हजार विद्यार्थ्यांच्या एका कॉलेजचे. कॉलेजने खर्चाचा बराच मोठा भाग आपण सोसू असे लिहिले होते. विद्यापीठाच्या पत्रात तसा शब्द नव्हता. मुलाचे मन कॉलेजकडे ओढत होते. बाप मात्र अस्वस्थ होता. तो म्हणाला, “फादर, सारी वाडी विचारील, पोरगा कुठे गेला? मी नाव सांगेन आणि ते कोणालाच ठाऊक नसेल. वर त्या कॉलेजला म्हणे ‘लिबरल आर्ट्स’चं कॉलेज म्हणतात. माझ्या पोरानं सायन्स घेतलंय. त्याला एवढ्या लांब आर्ट्सला घालायला पाठवू?”

आम्ही त्यांस त्या सायंकाळी उत्तर दिले नाही. थोडी मुदत मागून घेतली. त्यास कारण होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढील विवेचन प्रामाणिक होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू असता, असाच एक तरुण असाच प्रश्न घेऊन आला होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही साक्रिस्तीत झगा उतरवीत होतो व एका आजाऱ्याकडे कम्युनियन घेऊन जाण्याच्या घाईत होतो. आम्ही विचारले, दोहोंपैकी मोठे नाव कोणाचे? त्याने सांगितले. आम्ही म्हणालो, मग तेथेच जा. पाच मिनिटेही लागली नाहीत. तो मोठ्या विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या व्याख्यानास चारशे विद्यार्थी बसत. उत्तरपत्रिका तपासावयास एक संशोधक विद्यार्थी असे, व तो दर सहामाहीस बदले. दुसऱ्या वर्षी इकडे त्याची आई वारली. त्यास येता आले नाही. तीन आठवडे तो खोलीबाहेर पडला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत कोणी विचारपूस केली नाही. तेथील माणसे निष्ठुर होती असे नव्हे. विचारणे हे कोणाचे कामच नव्हते. पुढे पदवी न घेताच तो परत आला. आज तो आपल्या व्यवसायात स्थिरावला आहे व आम्हांस दोषही देत नाही. परंतु सल्ला आम्ही दिला होता, आणि तो देताना ज्या गोष्टी विचारावयास हव्या होत्या त्यांपैकी एकही आम्ही विचारली नाही.

म्हणून या खेपेस आम्ही वाचन केले, जाणत्यांस पत्रे लिहिली, व जे हाती आले ते एका कुटुंबापुरते न ठेवता आपल्या सर्वांपुढे मांडीत आहो.

प्रथम दोन शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे.

आपल्याकडे ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द उच्चारला की मोठे घर डोळ्यांपुढे येते व ‘कॉलेज’ म्हटले की त्या घरातील एक खोली. यास इतिहास आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८३६ च्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे व पदवी देणे हे विद्यापीठाचे काम, शिकविणे हे कॉलेजांचे. एल्फिन्स्टन असो, विल्सन असो, वा येशूसंघीयांचे १८६९ चे सेंट झेवियर्स असो, शिकविले त्यांनी व शिक्का विद्यापीठाचा. ही समजूत बरोबर घेऊन आपण अमेरिकेकडे पाहतो आणि फसतो. तेथे कॉलेज आधी झाले. हार्वर्ड हे १६३६ साली एक लहानसे कॉलेजच होते. विल्यम्स १७९३ चे, ॲमहर्स्ट १८२१ चे, येशूसंघीयांचे होली क्रॉस १८४३ चे. यांतील काही वाढून विद्यापीठे झाली, काहींनी वाढावयाचे नाही असे ठरविले. जी वाढली नाहीत ती कोणाच्या अंकित नाहीत. ती स्वतः शिकवितात व स्वतः पदवी देतात. होली क्रॉसला मात्र तो अधिकार मिळविण्यास १८६५ उजाडावे लागले. कॅथलिकांचे कॉलेज म्हणून त्या राज्याच्या विधिमंडळाने सनद नाकारली होती, व तोवर तेथील मुलांस जॉर्जटाउनच्या नावाने पदवी घ्यावी लागे. या हकीकतीतील कडवटपणा आमच्या वाचकांस निराळा समजावून सांगावयास नको.

दुसरा घोटाळा ‘आर्ट्स’ या शब्दाचा. ज्यास कमी गुण मिळाले तो आर्ट्सला गेला, ही आपल्या घराघरांतील भाषा. लॅटिन ‘आर्तेस लिबेरालेस’ याचा अर्थ त्याहून फार जुना व फार निराळा. ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र मनुष्य. गुलामास हुकमाप्रमाणे काम आले म्हणजे पुरे, परंतु ज्यास सभेत उभे राहून मत द्यावयाचे त्यास जे आले पाहिजे ती ही विद्या. व्याकरण, तर्क व वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष या चार, अशा सात विद्या मध्ययुगात त्यांत गणल्या जात. सातांत गणिताचा व ग्रहताऱ्यांचा वाटा केवढा आहे ते पाहावे. आजही अशा कॉलेजांत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, गणित हे विषय प्रमुखपणे शिकविले जातात. फरक इतकाच की रसायन घेणाऱ्यास इतिहास, तत्त्वज्ञान वा एखादी परभाषा शिकल्यावाचून सहसा सुटका नसते.

आता मोठ्या विद्यापीठाचा उगम. १८१० साली विल्हेल्म फॉन हुंबोल्ट यांच्या प्रेरणेने बर्लिन येथे विद्यापीठ स्थापन झाले. अध्यापकाने जुने ज्ञान नुसते सांगू नये, नवे शोधावे, आणि विद्यार्थ्याने त्या शोधात सहभागी व्हावे, ही तेथील कल्पना. अमेरिकेत ती पूर्णत्वाने उतरली १८७६ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तेथून पुढे मोठी विद्यापीठे या मार्गाने गेली. अमेरिकेतील कॅथलिक महागुरूंनाही हे पटले होते. १८८९ साली वॉशिंग्टन येथे उघडलेले कॅथलिक विद्यापीठ प्रथम पदव्युत्तर अध्ययनासाठीच होते.

या दोन वाटांची टक्कर कशी झाली याची एक गोष्ट येथे विस्ताराने सांगतो, कारण तीत आपलेच लोक गुंतले होते.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे, ते पद भूषविले. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावे, ठरीव अभ्यासक्रमाचे जोखड काढून टाकावे, हा त्यांचा आग्रह. येशूसंघीय कॉलेजे याच्या नेमकी उलट. १५९९ च्या ‘रात्सियो स्तुदिओरुम’ या अभ्यासनियमांना धरून ती लॅटिन, ग्रीक, वक्तृत्व व तत्त्वज्ञान ठरीव क्रमाने शिकवीत. १८९३ साली हार्वर्डच्या कायदेशाळेने एक यादी केली की, यादीतील कॉलेजांच्या पदवीधरांसच परीक्षेवाचून प्रवेश मिळावा. त्या दशकाच्या अखेरीस होली क्रॉस व बॉस्टन कॉलेज ही दोन येशूसंघीय कॉलेजे त्या यादीतून वगळली गेली. पुढे १८९९ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात एलियट यांनी येशूसंघीयांचा अभ्यासक्रम चारशे वर्षांत जवळजवळ बदललेला नाही असे लिहिले. (सामान्य लोकांच्या मुलांसाठी येशूसंघीयांची पहिली शाळा मेसिना येथे १५४८ साली निघाली. तेव्हा चारशे वर्षे कोठून आली हे त्या विद्वान अध्यक्षांसच ठाऊक.) फादर टिमथी ब्रॉस्नहन या येशूसंघीयाने उत्तर लिहिले. मासिकाने ते छापण्याचे नाकारले. तेव्हा ते अन्यत्र व पुस्तिकारूपाने १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा साधा होता: जे विषय मुलाने अद्याप पाहिलेच नाहीत त्यांत निवड करावयास त्यास सांगणे हे स्वातंत्र्य कसे? आधी मनुष्य घडू द्या, मग त्यास निवडू द्या.

वादात जय कोणाचा झाला? आम्ही धर्मगुरू आहो म्हणून आमचेच जिंकले असे म्हणणार नाही. विज्ञानाकडे त्या काळच्या आमच्या कॉलेजांनी द्यावे तितके लक्ष दिले नव्हते, व पुढील दशकांत त्यांनी आपला अभ्यासक्रम बराच मोकळा केला तो उगाच नव्हे. एलियट यांच्या टीकेत तेवढे सत्य होते. परंतु फादर ब्रॉस्नहन यांच्या मुद्द्याचीही एक प्रचीती आली, व ती ज्यांनी दिली ते त्या वादाच्या वेळी जन्मलेही नव्हते.

जोसेफ मरे या कॅथलिक मुलास लहानपणापासून शस्त्रवैद्य व्हावयाचे होते. तो जवळच्या होली क्रॉस कॉलेजात गेला, आणि तेथे त्याने मुख्यत्वे लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान व इंग्रजी यांचा अभ्यास केला. विज्ञानाचे विषय अवश्य तेवढेच घेतले. वैद्यकशाळेत विज्ञान पुष्कळच शिकावे लागेल, मग ही संधी का दवडा, असा त्याचा हिशेब. १९४० साली तो पदवीधर झाला व गेला कोठे? हार्वर्डच्या वैद्यकशाळेत. २३ डिसेंबर १९५४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी, बॉस्टन येथे त्यांच्या हाताखाली एका जुळ्या भावाचा मूत्रपिंड दुसऱ्यास बसविला गेला व तो रोगी जगला. यशस्वी मूत्रपिंडरोपणाचा तो आरंभ. १९९० साली मरे यांस नोबेल पारितोषिक मिळाले, व पुढे पोप महाशयांच्या विज्ञानपरिषदेतही त्यांचा समावेश झाला. मोठ्या विद्यापीठाच्या इस्पितळावाचून ही शस्त्रक्रिया झाली नसती हे उघड आहे. परंतु त्या इस्पितळात जे मन आले ते आधी लहान कॉलेजात घडले होते.

येथे आमच्या मनात जी गोष्ट पक्की झाली ती हीच. ‘मोठे की लहान’ हा प्रश्न आपण एकदाच विचारतो, म्हणून चुकतो. तो दोनदा विचारावयाचा असतो. पहिली पदवी एक गोष्ट आहे, तिच्यानंतरचे संशोधन दुसरी. मोठे विद्यापीठ दुसऱ्या कामासाठी निर्माण झाले व त्यात त्यास तोड नाही. पहिल्या कामासाठी ते आपोआप श्रेष्ठ ठरते, ही आपली भाबडी समजूत.

विद्यापीठाचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. अमेरिकेत उच्चशिक्षणसंस्थांचे एक प्रसिद्ध वर्गीकरण आहे, कार्नेगी वर्गीकरण नावाचे. त्याच्या २०२५ च्या नियमाप्रमाणे, जी संस्था वर्षास निदान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च करते व निदान ७० संशोधन-डॉक्टरेट देते ती पहिल्या वर्गात बसते. अशा १८७ संस्था त्या यादीत आल्या. या कसोटीत पहिल्या वर्षाच्या मुलास कोण शिकवितो हा प्रश्न कोठेच नाही, कारण ती कसोटी त्यासाठी नाहीच. तेथील अध्यापकाची बढती मुख्यत्वे त्याने काय शोधले व काय प्रसिद्ध केले यावर ठरते. त्याच्या प्रयोगशाळेचा खर्च त्याने मिळविलेल्या अनुदानावर चालतो. अशा मनुष्याने आपला वेळ डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांस द्यावा व पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या त्या विद्यार्थ्यांकडून तपासून घ्याव्या, यात त्याचा दोष नाही. यंत्रच तसे बसविलेले आहे. काही संशोधक विद्यार्थी उत्तम शिकवितात हेही खरे. परंतु तो विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातो, आणि आपल्या मुलासाठी शिफारसपत्र लिहावयाची वेळ येते तेव्हा त्यास ओळखणारे तेथे कोणी उरत नाही.

लहान कॉलेजात डॉक्टरेटचे विद्यार्थीच नसतात. त्यामुळे प्रयोगशाळेत हात लावावयास जो कोणी मिळतो तो पहिल्या पदवीचाच मुलगा असतो. विल्यम्स कॉलेजात एक पद्धत आहे: दोन विद्यार्थी व एक अध्यापक आठवड्यातून एकदा बसतात; एकाने निबंध लिहून आणावयाचा, दुसऱ्याने त्यातील उणिवा काढावयाच्या, पुढील आठवड्यास पाळी उलट. अशा खोलीत तयारीवाचून जाऊन पाहा! तीन आठवडे गैरहजर राहणे तर दूरच, तीन मिनिटे गप्प बसले तरी लक्षात येते. आम्ही सेमिनरीत मोजक्या विद्यार्थ्यांत वाढलो. कोणाचा खोकला किती दिवसांचा हे रेक्टरांस ठाऊक असे. त्या वेळी ते नकोसे वाटे. आता त्याची किंमत कळते.

याच विल्यम्स कॉलेजचे नाव आपल्या वाडीत कोणी ऐकले नसेल, तथापि त्याचा मुंबईशी संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे. तेथून १८०८ साली पदवी घेतलेले गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले, अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मंडळींपैकी एक म्हणून. त्यांच्या मिशनने छापखाना घातला व मराठी छपाईस आरंभीच्या काळात हात घातला. १८२६ साली नाशिककडील दौऱ्यात पटकीने त्यांचा अंत झाला. ते प्रॉटेस्टंट होते. त्यांच्या शिकवणीशी आमचा मतभेद आहे. परंतु डोंगरातल्या मूठभर मुलांच्या कॉलेजातून निघालेला मनुष्य मराठीत शिरला, हे मान्य करण्यास मतभेद आड येत नाही.

लहान कॉलेजातून निघून मोठ्या विद्यापीठात नाव काढलेले आजचे शास्त्रज्ञही आहेत. थॉमस सेक हे आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या प्रदेशातील ग्रिनेल कॉलेजात १९७० साली पदवीधर झाले, मग बर्कलीस गेले. १९८९ साली त्यांस रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जेनिफर डौडना कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजातून १९८५ साली पदवी घेऊन हार्वर्डला गेल्या, पुढे काही वर्षे याच सेक यांच्या प्रयोगशाळेत राहिल्या, आणि २०२० साली त्यांस तेच पारितोषिक मिळाले. सेक यांनी १९९९ साली या विषयावर एक निबंधच लिहिला व दाखवून दिले की, विद्यार्थ्यांच्या संख्येच्या मानाने पाहता विज्ञानात डॉक्टरेटपर्यंत पोचणारे अशा उत्तम कॉलेजांतून अधिक निघतात.

आपल्याकडील एक उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे; त्याचा हा पैलू मात्र कोणी पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सेलिग्मन, ड्यूई असे अध्यापक, अफाट ग्रंथालय. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, जे मिळेल ते त्यांनी तेथे आत्मसात केले. मोठ्या विद्यापीठाचे याहून मोठे सार्थक कोणते? परंतु ते तेथे गेले ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन. आपणांस काय विचारावयाचे आहे हे ठरवून ते गेले होते.

नियमास अपवाद नाही असे मात्र समजू नये. गोव्यात कोसबे येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पहिली पदवीच हार्वर्डमध्ये, १९२९ साली घेतली. गणितही घेतले, अनेक युरोपीय भाषाही घेतल्या. गणितापुरतेच राहा असा आग्रह झाला तो त्यांनी मानला नाही. मोठ्या भांडारात शिरून स्वतःस हवे ते उचलण्याची धमक ज्याच्या अंगी अठराव्या वर्षी आहे, त्याने खुशाल मोठ्या ठिकाणी जावे. आमच्या ओळखीची एक मुलगी होती. तिला पंधराव्या वर्षापासून एकाच विषयाचा ध्यास. ती लहान कॉलेजात गेली आणि तिसऱ्या वर्षी त्या विषयाचे तेथे शिकविण्यासारखे काही उरले नाही. तिच्यासाठी विद्यापीठच योग्य झाले असते. मुलाकडे पाहूनच ठरविले पाहिजे, आणि ते आईबापांइतके दुसऱ्या कोणास दिसणार?

संत जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव या विषयात टाळता येत नाही. २०१९ साली ते संत म्हणून घोषित झाले व १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांची ख्रिस्तसभेच्या महापंडितांत गणना केली. १८५२ साली डब्लिन येथे त्यांनी विद्यापीठाच्या कल्पनेवर व्याख्याने दिली. शोध लावणे व शिकविणे ही दोन कामे भिन्न आहेत, दोन्हींची देणगी एकाच माणसात क्वचित असते, असे त्यांचे मत होते. नुसती परीक्षा घेणारे विद्यापीठ व परीक्षा न घेता तरुणांस एकत्र राहू देणारे विद्यापीठ यांत निवड करावयाची झाली तर आपण दुसरे पसंत करू, असेही ते म्हणाले. मुंबई विद्यापीठ ज्या नमुन्यावर निघाले त्यावरच हा प्रहार होता, आणि तोही पाच वर्षे आधी! तथापि न्यूमन यांनी आजचे संशोधन-विद्यापीठ पाहिले नव्हते. त्यांचे नाव घेऊन आमच्या प्रश्नाचा निकाल लावणे हा आळस होईल.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. लहान म्हणजे चांगलेच असे नाही. विद्यार्थी कमी झाल्याने व पैसा न पुरल्याने अमेरिकेतील काही लहान संस्था बंद पडत आहेत. २०२४ साली ऑल्बनी येथील सेंट रोझ कॉलेज व फिलाडेल्फियाजवळील कॅब्रिनी विद्यापीठ या दोन कॅथलिक परंपरेच्या संस्थांनी दारे लावली. दुसरीस देशांतर करणाऱ्यांच्या पालक संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांचे नाव होते, म्हणून आम्हांस ते वाचून विशेष वाईट वाटले. संस्थेचा ठेवनिधी किती हे विचारण्यात संकोच धरू नये. मोठ्या विद्यापीठांचीही स्थिती निश्चिंत नाही. २०२५ साली तेथील सरकारने अनेकांची संशोधन-अनुदाने थांबविली वा कमी केली.

पैशाविषयी थोडक्यात. तेथील खाजगी कॉलेजांचा सालीना सर्व मिळून खर्च अनेक ठिकाणी ८० हजार डॉलरांवर गेला आहे, व तो आकडा ऐकूनच आपले लोक मागे फिरतात. परंतु छापील शुल्क व प्रत्यक्ष भरावयाचे शुल्क यांत अंतर असते. परदेशी मुलाची ऐपत न पाहता प्रवेश देण्याचे व उणे पडेल ते भरून काढण्याचे धोरण ॲमहर्स्टने २००८ साली, बोडनने २०२२ साली स्वीकारले. हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा थोड्या धनाढ्य विद्यापीठांचेही तसेच धोरण आहे. सरकारी विद्यापीठे पहिल्या पदवीच्या परदेशी मुलास गरज पाहून साहाय्य बहुधा करीत नाहीत. येथे कर्ज काढण्यापूर्वी, शेत गहाण टाकण्यापूर्वी, हे लेखी विचारून घ्यावे.

काहींस वाटते, मोठ्या सरकारी विद्यापीठात मूल धर्मास मुकेल. हे सरसकट खरे नाही. १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथलिक विद्यार्थ्यांनी पहिला न्यूमन क्लब काढला. आज अनेक मोठ्या विद्यापीठांजवळ तशी केंद्रे आहेत, तेथे धर्मगुरू असतो व मिस्सा होते. उलट, कॉलेजला संताचे नाव आहे एवढ्यावरून तेथे मुलगा देवळात जाईलच अशी हमी आम्ही देणार नाही.

आता त्या तिघांकडे वळतो. ते येथेच बसले आहेत, व त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे सांगत आहो. आम्ही मुलास सांगितले की, निवड आम्ही करणार नाही, परंतु दोन्ही ठिकाणी एकच पत्र लिही: पहिल्या वर्षी मला रसायन कोण शिकवील, त्या वर्गात किती मुले असतील, आणि प्रयोगशाळेत काम करावयाची संधी कितव्या वर्षी मिळेल? कॉलेजकडून चौथ्या दिवशी उत्तर आले. अध्यापिकेचे नाव होते, वर्गाची संख्या २४ होती, आणि तिने स्वतः खाली लिहिले होते की, अर्जात तू तुमच्या वाडीतील विहिरींच्या खाऱ्या पाण्याविषयी लिहिलेस, ते पाणी तू कशाने तपासलेस? विद्यापीठाचे उत्तर सौजन्याचे होते; अध्यापक ऑगस्टमध्ये ठरतील, वर्ग सुमारे ३५० चा असेल, आणि संशोधनाच्या संधी विपुल आहेत, असे त्यात होते. तेही खोटे नाही. त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळा पाहिल्या तर कोणाचेही मन मोहून जाईल.

बापाने दोन्ही पत्रे मुलाकडून मराठीत समजावून घेतली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने आम्हांस विचारले, “फादर, त्या कॉलेजच्या गावात मिस्सा होते का?” आम्ही आधीच शोधून ठेवले होते. गावात नाही; शेजारच्या गावी होते, सात मैलांवर. तो आपल्या पत्नीकडे वळून म्हणाला, “आपली आजी दर रविवारी किती चालायची गं?” आणि मग दोघे मैल व कोस यांचा हिशेब करीत बसली. होकार कळविण्याची मुदत १ मेपर्यंत आहे.